सिस्टरची रात्रपाळी

"मॅडम, रात्री झोपेत कुणी पादलं, तर ते या झाडाला कळतं का?"

माईक यशदाच्या हातात होता, त्यामुळे तो शब्द लातूरच्या त्या मुलींच्या शाळेच्या सभागृहात चारी भिंतींना आपटून परत आला. क्षणभर कुणाला आपण काय ऐकलं तेच कळेना. मग साडेतीनशे मुली एकदम हसत सुटल्या. मागच्या रांगेत देवश्री आणि मेहेक एकमेकींच्या अंगावर कोसळल्या होत्या. पैज त्यांचीच होती. "नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तू उचलायची," असं देवश्री म्हणाली होती. त्यावर मेहेकनं मीठ चोळलं होतं, "ही कसली विचारतीय! सहावीत हिला 'बाई, पाणी प्यायला जाऊ का' म्हणतानाही रडू यायचं."

ते खरं होतं. पण सहावीतली ती यशदा बिडवे कधीच मागे पडली होती. दहावीतल्या यशदानं दिवाळीआधी जिल्हा वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर काढला होता, आणि तेव्हापासून माईक दिसला की तिच्या तळपायाला खाज सुटायची.

मुख्याध्यापिका उठायच्या बेतात होत्या. पण व्यासपीठावरच्या डॉ. खरात मॅडमनी हातानंच त्यांना बसवलं. त्या स्वतःही हसत होत्या.

"कळतं," त्या म्हणाल्या. "पण ते त्याची चुगली करत नाही. आम्ही त्याला मोजक्याच गोष्टींची चुगली करायला शिकवलंय."

आणि मग त्यांनी ते असं समजावलं की टवाळ मुलीसुद्धा गप्प झाल्या. साधी झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडतात आणि हवा घेतात. पण आपल्याकडच्या उन्हात दिवसा छिद्रं उघडली की पानातलं पाणी उडून जातं. म्हणून पानफुटीसारखी जाड, गरदार पानांची झाडं शहाणी झाली. ती दिवसभर तोंड मिटून बसतात आणि रात्री गारव्याला श्वास घेतात. म्हणजे नेमकं माणूस बाजूला झोपलेलं असताना. माणसाच्या उच्छ्वासात हजार तऱ्हेचे वायू असतात. शरीरात काही आजार मूळ धरू लागले की त्यात एक-दोन नवे मिसळतात, इतके थोडे की कोणत्याही नाकाला कळू नयेत. डॉ. खरातांच्या प्रयोगशाळेनं पानफुटीच्या एका भावंडात एक जनुक असं बसवलं होतं, की ते वायू महिनाभर रोज रात्री पानात गेले की बीटाच्या रंगासारखा लाल रंग तयार होऊ लागे. कागदोपत्री झाडाचं नाव होतं श्वासपर्णी. जूनमध्ये शाळेनं प्रकल्पासाठी दहावीच्या प्रत्येकीला एकेक कुंडी दिली, आणि आठवड्याच्या आत अख्खं लातूर तिला 'सिस्टर' म्हणू लागलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंना म्हणतात तसंच.

"तुझी सिस्टर कशी आहे?" डॉ. खरातांनी यशदाला विचारलं.

"एकदम गुबगुबीत, मॅडम!" माईक अजून तिच्याकडेच होता. "वर्गात सगळ्यात जाड पानं माझ्याच झाडाची. मधे मधे कडेला गुलाबी व्हायची, नेलपॉलिशची रेघ ओढावी तशी. पण मी लगेच ओळखायचे की हिला तहान लागलीय. भरपूर पाणी दिलं की आठ दिवसांत हिरवीगार! तीनदा झालं असं. तिन्ही वेळा मी बरी केली तिला."

देवश्रीनं मागून टाळी वाजवली. डॉ. खरात हसत नव्हत्या.

"कधी कधी झालं, आठवतंय?" त्यांनी विचारलं, आणि समोरचा कागद ओढून पेन काढलं.

"ऑगस्टमध्ये पहिल्यांदा. मग दसऱ्याला. मग आत्ता डिसेंबरात."

त्यांनी तिन्ही महिने लिहून घेतले. पुढचा प्रश्न त्यांनी घेतलाच नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी यशदाला मंचामागे बोलावलं, जिथं गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे डोंगर रचून ठेवले होते.

"बाळा, पत्रकात लिहिलं होतं, एकवीस दिवसांतून एकदा एक टोपण पाणी. का, ते वाचलंस?"

"पहिलं पान वाचलं, मॅडम. त्यात फोटो होता, पूर्ण लाल पानाचा. आमचं तसं कधीच झालं नाही."

"ते शेवटी होतं. सुरुवात कडेनं होते." त्या थांबल्या. शब्द निवडत होत्या, हे यशदाला कळलं. "हे झाड तहानलेलं असतं तोवरच रात्री श्वास घेतं. पाणी मुबलक मिळालं की त्याला वाटतं, आता काटकसर कशाला? मग ते साध्या झाडासारखं दिवसा छिद्रं उघडतं आणि रात्री मिटून घेतं. रात्रपाळी सोडून देतं म्हण. बाजूला झोपलेल्याचा श्वास त्याच्यापर्यंत पोचतच नाही, लाल रंग ओसरून पानं हिरवी होतात, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तुझ्या खोलीत कोण झोपतं?"

"मी. आणि माझी आत्या."

"दोघींना याच आठवड्यात तपासणीला यायचंय. आईवडिलांना मी फोन करते."

हर्षाआत्या ही पप्पांची धाकटी बहीण. लग्न मोडून ती माहेरी परत आली तेव्हा यशदा सहा वर्षांची होती, आणि तिच्या खोलीत दुसरी कॉट आली म्हणून तिनं उड्या मारल्या होत्या. आत्या महानगरपालिकेच्या बसवर होती. बस स्वतःच चालायची. रस्ता, सिग्नल, गाईगुरं सगळं तिला दिसायचं. पण कायद्यानं पुढच्या सीटवर एक माणूस लागायचंच. "माझं काम काय, तर ब्रेकवर पाय ठेवायचा आणि मधे येणाऱ्यांना शिव्या घालायच्या," आत्या सांगायची. "ब्रेक दोन वर्षांत एकदाही दाबावा लागला नाही. शिव्यांत मात्र खाडा नाही."

दोघींची तपासणी झाली. "शाळेच्या प्रकल्पाचा नियम आहे," असं आत्याला सांगितलं. आत्यानं त्यातही मशीनवाल्याला हसवून सोडलं. यशदाचे रिपोर्ट स्वच्छ आले. आत्याचे पप्पांच्या फोनवर आले, आणि पप्पा ते घेऊन तीन डॉक्टरांकडे गेले.

मंगळवारी आत्या ड्यूटीवर असताना पप्पांनी आईला आणि यशदाला स्वयंपाकघरात बसवलं. गॅसवर वरण होतं.

"स्वादुपिंडात आहे," पप्पा म्हणाले. "यकृतात गेलंय. चार महिने. फार तर पाच."

आईनं उठून गॅस बंद केला आणि परत बसली.

"ऑपरेशन?" यशदानं विचारलं.

"आता नाही." पप्पा तिच्याकडे न बघता बोलत होते. "ऑगस्टमध्ये कळलं असतं तर करता आलं असतं म्हणाले."

ऑगस्टमध्ये. यशदाला तो दिवस ढळढळीत दिसला. खिडकीतली कुंडी, पानाच्या कडेची गुलाबी रेघ, आणि आपण बाटलीभर पाणी ओतताना लाडानं बोललेलं वाक्य: अगं, तहानलीस का गं बाई.

"मी केलं," ती म्हणाली. "पप्पा, मी तीन वेळा पाणी घातलं. मी पुसून टाकलं ते." वक्तृत्वात दुसरी आलेली मुलगी, तिच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज यायला लागला.

आईनं तिला जवळ ओढलं. ती तिला थोपटू लागली. मग हळूच म्हणाली, "तू एकटीनं कुठं घातलं? मी घालायचे की. नळ आला की शिळं पाणी काय करायचं? हंडे रिकामे करायचे, तर तुझ्या खोलीतल्या त्या कुंडीत तांब्याभर ओतायचे. कडा गुलाबी दिसली की. वाटायचं, वाया कशाला घालवा, एवढंसं झाड आहे."

पप्पांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. "मी पण," ते म्हणाले. "रात्री गोळी घेतो ना, ग्लासात उरलेलं असतं. ते जाऊन तिच्या कुंडीत ओतायचो. सुकल्यासारखी दिसली की."

अकरा दिवसांनी नळ येणाऱ्या गावातली माणसं ती. पाहुणा दारात आला की आधी पाणी, मांजर आलं तरी वाटीत पाणी. घरात एक जीव मुद्दाम तहानलेला ठेवायचा, हे त्यांच्यातल्या कुणालाच जमलं नव्हतं. आणि एकानंही दुसऱ्याला विचारलं नव्हतं.

"तिला कळू द्यायचं नाही," पप्पा शेवटी म्हणाले. "पित्ताशयात खडा आहे म्हणून सांगू. गोळ्या चालू आहेत म्हणू."

"पण डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले सांगा. डॉक्टरांना काय जातं म्हणायला? अण्णांना सांगितलं होतं मी." अण्णा म्हणजे यशदाचे आजोबा. तिच्या जन्माआधीच गेलेले. "चांगले चालतेफिरते होते. मीच सांगितलं, शिकलेला ना मी! त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आठ दिवस अन्नाला शिवले नाहीत. नवव्या दिवशी गेले. हर्षाचं मी तसं होऊ देणार नाही."

पप्पांना रडताना यशदानं पहिल्यांदाच बघितलं. त्यानंतर वाद घालायची तिची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून कुंडीत कुणी थेंबभर पाणी घातलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणाचाच हात त्या कुंडीकडे वळेना. आई शिळं पाणी न्हाणीत ओतू लागली. पप्पा ग्लास पूर्ण पिऊन टाकू लागले. आणि सिस्टर पुन्हा आपल्या कामाला लागली. तीन आठवडे झाले, गुबगुबीत पानं जरा सुरकुतली. पाचव्या आठवड्यात कडेनं रेघ आली. यशदा रोज सकाळी डोळे उघडायची ती त्या रेघेकडे. रेघ जाड होत गेली. फेब्रुवारी संपताना दोन पानं अर्धी लाल झाली होती.

शाळेत मेहेक आणि देवश्री तिला पैजा लावायच्या थांबल्या. देवश्रीनं एकदा न सांगता तिचं दप्तर उचलून घरापर्यंत आणलं.

रविवारी सकाळी आत्या यशदाच्या डोक्याला तेल लावत होती. यशदा खाली, आत्या कॉटवर. आत्याच्या हाताला पूर्वीसारखा जोर राहिला नव्हता.

"केस बघ कसे झालेत, काथ्यासारखे. बोर्डाच्या परीक्षेचं एवढं टेन्शन घ्यायलीस का?"

"नाही गं."

"मला बघ. युनिफॉर्मचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. डेपोत बाया विचारायल्यात, हर्षाताई, कसलं डाएट चालू आहे? मी म्हटलं, खडा गिळलाय, तुम्हीपण गिळा." ती हसली, आणि हसता हसता पोटाशी हात धरून थांबली. यशदाला ते दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. "रजा टाका म्हणतो साहेब. मी म्हटलं, एक दिवस टाकणार नाही. एकशे बारा दिवस साठलेत माझे. आमच्या यशूची बारावी आली की सगळे एकदम घेणार. तिला रोज गरम डबा करून देणार. तुझ्या आईला ऑफिसातून कुठं वेळ असतो?"

"आत्या, आत्ताच घे ना रजा."

"आत्ता काय करू घरी बसून? भिंती मोजू? अगं, माझी एक इच्छा आहे, त्यालाही लागतील थोडे दिवस. गोव्याकडे ती रेल्वे जाते ना डोंगरातून, मोठा धबधबा लागतो बघ. आमच्या डेपोतली शकीला जाऊन आली. सगळ्या बाया मिळून जाऊ म्हणायल्यात. मी म्हटलं, पुढच्या पावसाळ्यानंतर. या वर्षी नको, खडा विरघळू दे आधी."

पुढचा पावसाळा. यशदानं मनात महिने मोजले, आणि मोजायचे सोडून दिले. तिचे केस आत्याच्या मुठीत होते, म्हणून तिला तोंड वळवता आलं नाही, आणि ते एका परीनं बरंच झालं.

"आणि ही बघ तुझी सिस्टर," आत्या वेणी घालत म्हणाली. "लिपस्टिक लावून बसलीय नुसती. तूच सांगितलं होतंस ना मला, तहान लागली की लाल होते म्हणून? किती दिवस झाले पाणी घातलं नाहीस? बिचारी कशी सुकायलीय. घाल की गं."

"आज तिचा दिवस नाही, आत्या."

"दिवसबिवस काय असतो तहानेला?"

यशदा उठली आणि तेलाची बाटली ठेवायच्या निमित्तानं बाहेर गेली. तिनं शिकवलेली चूक आत्यानं किती विश्वासानं जपून ठेवली होती!

त्यानंतरचा नळाचा दिवस शनिवारी आला. अकरा वाजता पाणी सुटलं. सगळ्या गल्लीत हंड्यांचा खणखणाट. पप्पा गच्चीवरची टाकी भरून खाली आले, तर आई यशदाच्या खोलीच्या दारात उभी. हातात तांब्या. आत कुंडीपाशी यशदा.

"यशू," आई हळू आवाजात म्हणाली, "आज घाल तिला पाणी. पूर्ण तांब्याभर."

यशदाला वाटलं, आपण चुकून काहीतरी ऐकलं. "आई, काय बोलतीयस?"

"दोन पानं पूर्ण लाल झालीत. हर्षा काल विचारत होती मला. म्हणाली, वहिनी, ते पत्रक कुठंय, वाचते म्हणून. मी लपवून ठेवलंय ते. पण शाळेतल्या सगळ्या पोरींच्या घरी आहे की! कुणाकडून तरी मागेल ती. हिरवं झालं की विसरेल. डॉक्टर मॅडमच म्हणाल्या ना, पाणी भरपूर मिळालं की आठ-दहा दिवसांत..."

"कुंडी उचलून टाकू," पप्पा म्हणाले.

"अहो, कुंडी नाहीशी झाली तर उलट शंका येईल तिला. पाणी सगळ्यात बरं. यशू, घाल बाळा. तिच्यासाठीच करायचंय हे. तिला कळलं तर हसायची बंद होईल ती. आपल्याला बघवणार आहे का ते?"

यशदानं तांब्या हातात घेतला. जड होता, काठोकाठ भरलेला, बाहेरून गार. कुंडीतली माती पांढरीफट्ट पडून कडेला भेगाळली होती. घालायला एक क्षणही लागला नसता. आई सुटकेचा श्वास सोडेल, पप्पा जेवतील, आत्या पत्रक विसरेल. शकीलाबाई पुढच्या पावसाळ्यानंतर जातील, आत्याशिवाय. एकशे बारा दिवस तसेच डेपोत पडून राहतील.

'आपल्याला बघवणार आहे का?' आई म्हणाली होती. आपल्याला. यशदाच्या मनात तो शब्द रुतून बसला. आत्याला काय बघवेल, हे अजून कुणीच आत्याला विचारलं नव्हतं.

तिनं तांब्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"नाही घालणार," ती म्हणाली.

"यशू, हट्ट करू नको."

"पप्पा, तीन वेळा घातलं तेव्हा मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे." तिचा आवाज कापत होता. माईकवर कधी कापला नव्हता तसा. पण तो थांबला नाही, आणि तिनंही थांबवला नाही. "तुम्ही म्हणता, अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं. केलं असेल. पण ते त्यांचे आठ दिवस होते. आत्याचे चार महिने आहेत, पप्पा, आणि त्यातले दोन तर आपण खाल्ले. ती रजा साठवतीय. माझ्या बारावीसाठी! मी तिला तोंड कसं दाखवू रोज सकाळी?"

"आणि ती खचली तर?" पप्पांचा आवाज फुटला. "कोण सावरणार आहे? तू?"

"मला माहीत नाही. कदाचित नाही सावरता येणार. ती माझ्यावर रागावेल. ऑगस्टचं ऐकल्यावर कदाचित परत माझ्याशी बोलणारही नाही." हे बोलल्यावर ती एकदम रडायला लागली, आणि रडत रडतच पुढे बोलली, कारण आता थांबलं तर परत बोलायला जमणार नाही हे तिला ठाऊक होतं. "पण मी ठरवलंय. आत्याची ड्यूटी दोनला सुटते. ती आली, जेवली, की मी तिला सगळं सांगणार आहे. आजार काय आहे, किती दिवस आहेत, आणि पाणी कुणी घातलं तेही. आई, तुझं आणि पप्पांचं नाव मी घेणार नाही, माझंच घेईन. तुम्ही दोघं माझ्याजवळ बसलात तर मला बरं वाटेल. नाही बसलात, तरी मी आज सांगणार आहे."